शेवंताक्काची पानं

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो. सव्वीस वर्षं शिकवतोय. गवत खाणाऱ्या प्राण्यांची पचनसंस्था तर मी मुलांशी बोलत बोलत, फळ्याकडे न बघता काढतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

आमच्या घरी ससा आला त्या संध्याकाळी मी त्याच्यापुढे किलोभर गाजरं, वाटीभर भिजवलेले हरभरे आणि बशीत सुपारीएवढा कुंदा ठेवला. गाजरं का, तर बालवाडीच्या तक्त्यावर सशाच्या हातात गाजर असतं म्हणून. कुंदा का, तर बेळगावात पाहुणा पहिल्यांदा घरी आला की त्याच्या हातावर गोड ठेवायचं असतं म्हणून. कुंदा माझ्या बायकोनं, वैशालीनं, वेळेवर उचलला. बाकीचं पाहुण्यानं मनापासून खाल्लं, आणि सकाळी पोट बिघडवून घेतलं.

हा ससा कॅम्पातून आला होता. माझ्या मुलीच्या, चिनूच्या वर्गातल्या मैत्रिणीचे वडील लष्करात हवालदार. त्यांची बदली झाली आणि जाताना ते हे तळहाताएवढं पिल्लू आमच्याकडे ठेवून गेले. नाव आधीच ठेवलेलं होतं, 'मेजर'. घरी तरी एखाद्या मेजरवर हुकूम चालवता यावा, अशी हवालदारसाहेबांची इच्छा असावी. आमच्या घरी तेही साधलं नाही. पहिल्या दिवसापासून हुकूम मेजरचाच.

सकाळी मी वैशालीला घेऊन आणखी गाजरं आणायला शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. तिथं कापडाचे माग बंद पडलेल्या एका घराच्या पायरीवर शेवंताक्का बसायची. कंग्राळीहून पहिल्या बसनं यायची, आणि शेजारच्या घरातले माग खटखट सुरू होईपर्यंत तिची निम्मी पाटी रिकामी झालेली असायची.

"आक्का, गाजरं द्या किलोभर."

"कालच न्हेलासा की. हलवा केला व्हय?"

"नाही हो. ससा आणलाय."

तिनं तराजू खाली ठेवला. "केवढा हाय?"

मी तळहात पुढे केला.

"आईचं दूध सुटून किती दिस झालं?"

तोवरच्या सगळ्या नोकरीत मला एवढा अवघड प्रश्न एकाही साहेबानं विचारला नव्हता. मी म्हणालो, "बघावं लागेल."

"काय घातलंसा त्येला?"

मी सांगितलं. कुंद्याचं वगळलं. पण मागं उभ्या असलेल्या वैशालीनं तेही सांगितलं. शेवंताक्कानं माझ्या पिशवीत आधीच टाकलेलं एक गाजरही बाहेर काढून घेतलं.

"मास्तर, साळंत काय शिकवतोस रं तू?"

शेवंताक्काचा एक कायदा होता. एरवी ती मला 'तुमी' म्हणायची. माझं काही चुकलं की 'तू' वर यायची. पुढच्या दोन-अडीच वर्षांत मी 'तुमी' फारसा राहिलो नाही.

तिनं मला पालेभाजी दिलीच नाही. पाटीखाली अंथरलेलं वाळलेलं गवत मूठभर काढलं, हुंगलं, हातानं झटकून धूळ घालवली आणि दिलं. "आठ दिस ह्येच. आनि पानी. दुसरं काय बी न्हाय. उद्या आनखी आनती."

"नुसतं वाळलेलं गवत? पिल्लू आहे हो ते."

"पिल्लू हाय म्हनूनच. वासराला पयल्या दिवशी हिरवा चारा टाकलास तर फुगून मरंल. ह्ये तर केवढंसं, मुठीत मावतंय."

शेवंताक्काचं माहेर निपाणीजवळचं. लग्नाआधी ती तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला होती. सकाळी बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. एकेक पान देठाला धरून उचलायचं, उजेडाकडे करायचं, रंग बघायचा, जाडी बघायची, डाग बघायचा आणि ज्या त्या ढिगात टाकायचं. तंबाखू तिनं जन्मात तोंडात घातली नाही. "शिंकून शिंकून नाकातनं एवढी गेलीया, तोंडातनं आनि कशाला?" असं म्हणायची. वखार सुटली, कंग्राळीला संसार झाला, नवऱ्याच्या मागं दोन गुंठ्यांत पालेभाजी करून विकू लागली. पण पान धरायची ती रीत गेली नाही. कोथिंबिरीची काडी असो की मुळ्याचा पाला, ती देठालाच धरून उचलायची, आधी उलटी करायची आणि मागून बघायची.

"पानाचं तोंड समदीच बघत्यात. पाठ बघावी. काय लपायचं असलं तर पाठीवर लपतंय."

आणि दुसरी सवय म्हणजे, सकाळी पाटी उतरली की प्रत्येक भाजीच्या एका जुडीतलं एक पान ती स्वतः कच्चं चावून खायची. मेथी, शेपू, राजगिरा, सगळं. तोंड वाकडं न करता. मगच पहिलं गिऱ्हाईक. गल्लीतल्या बायकांना हे माहीत होतं. त्यामुळे तिच्याकडे घासाघीस कुणी करत नसे. जिनं आधी स्वतः खाल्लंय, तिला काय विचारायचं?

आठ दिवसांनी मेजरला हिरवं मिळायला लागलं. तेही कसं, तर कोथिंबिरीची एक काडी. पूर्ण जुडी नाही, एक काडी. मग तीन दिवस थांबायचं. पोट ठीक असलं तर पुदिन्याची दोन पानं. पुन्हा तीन दिवस. मग हरळी. मग मेथी. कोबी नाही, बटाट्याच्या साली नाहीत, कांदा तर दाखवायचासुद्धा नाही. आणि गाजर? "सणाला. नखाएवढं."

रोज सकाळी तिचा चिनूला पहिला प्रश्न, "लेंड्या कशा हायत्या?"

चिनू भर गल्लीत, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या हलवत खणखणीत आवाजात सांगायची, "गोल आहेत, कडक आहेत आणि पुष्कळ आहेत!" पलीकडच्या घरातले वकील कोर्टात जायला निघालेले असायचे. ते मान खाली घालून जायचे.

"ज्येला बोलता येत न्हाय, त्येचं शेन वाचावं लागतंय," आक्का म्हणायची. "मास्तर, ह्ये तुमच्या पुस्तकात हाय का न्हाय?"

पुस्तकात होतं. मी शिकवतही होतो. पण वाचलं कधी नव्हतं.

तिच्या भाजीवर ती पाणी मारत नसे. बाजारातल्या भाज्या दुपारपर्यंत ओल्याचिंब, टवटवीत दिसतात; हिची मात्र अकरा वाजता मान टाकायची. एकदा एका नव्या बाईनं तिच्याशी कानडीतून वाद घातला, की ही भाजी शिळी आहे. आक्काचं कानडी तोडकंमोडकं, पण भांडणापुरतं भरपूर. तिनं एक कोमेजलेलं पान आणि समोरच्या गाड्यावरचं एक ओलं पान, दोन्ही त्या बाईच्या नाकाशी धरली. "मूस नोडरी," म्हणाली, म्हणजे हुंगून बघा. बाईनं हुंगलं. ओल्या पानाला नुसत्या पाण्याचा वास होता. कोमेजलेल्याला मेथीचा होता. बाई तीन जुड्या घेऊन गेली. गाडीवाला महिनाभर आक्काशी बोलला नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मेजर अंगानं भरला, पलंगाखालून फटाक्यासारखा सुटायला लागला. चिनूनं भिंतीवर कागद लावला होता, 'मेजरला फक्त शेवंताआजीची पानं. बाबांनी काहीही देऊ नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

त्या रविवारी निपाणीहून माझा मेहुणा आला. वैशालीचा थोरला भाऊ, बाळासाहेब. माणूस दिलदार. हात हलवत कधी आला नाही. या वेळी त्यानं मेथीची एक मोठी जुडी आणली होती, लांब देठांची, काळीभोर हिरवी.

"दाजी, परड्यातली हाय. एक थेंब औषध न्हाय मारलेलं. तुमी शहरातली मानसं, इख खाताय रोज."

जेवून बाळासाहेब परतीच्या बसला गेला. वैशाली आणि चिनू त्याला सोडायला स्टँडवर गेल्या. घरात मी आणि मेजर. तो पिंजऱ्याच्या जाळीवर पाय ठेवून माझ्याकडे बघत होता. भिंतीवरचा कागदही माझ्याकडे बघत होता. मी विचार केला, घरची मेथी. औषध न मारलेली. मेथी तर आक्कानंच चालेल म्हणून सांगितलंय. आणि आपण बाप आहोत, घरात एवढा तरी अधिकार असावा. मी अर्धी जुडी आत टाकली.

संध्याकाळी मेजर कोपऱ्यात बसला होता. तोंडाखालची लव ओली झालेली. अंग थरथरत होतं. हरळी पुढे धरली तर तोंड फिरवलं. चिनूनं विचारलं, "बाबा, तुम्ही काही दिलं का?"

मी म्हणालो, "मेथी दिली थोडी."

हे खोटं नव्हतं. कोणती मेथी, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भावाच्या कौतुकात वैशालीचा चेहरा दिवसभर उजळलेला होता. माहेरच्या भाजीनं ससा आजारी पडला, हे त्या चेहऱ्याला कसं सांगणार? शिवाय, खरं सांगायचं तर, चिनूची मला भीती वाटते.

सोमवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "खायला लागला तर वाचला." परत येताना गल्लीत दोघी-तिघींनी विचारलं, "काय झालं हो सशाला?"

मी म्हणालो, "मेथी बाधली."

बस. एवढंच बोललो. पण आमच्या गल्लीत मेथी म्हणजे एकाच पाटीतली मेथी, हे मला कळायला हवं होतं. मंगळवारी सकाळी मी शाळेला निघालो तर आठ वाजले तरी शेवंताक्काची पाटी भरलेली. बायका समोरच्या गाड्यावर उभ्या होत्या, आणि गाडीवाला हसत होता. आक्का पायरीवर हात गुडघ्यावर ठेवून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सायकलची साखळी पडल्यासारखं केलं आणि खाली बघत गेलो.

त्याच दिवशी दुपारी ती घरी आली. आमच्या घरात ती पहिल्यांदाच येत होती. शाळा सुटून मीही नुकताच आलो होतो. वैशालीनं तिला पाट दिला आणि चहा टाकायला आत गेली. चिनू त्या दिवशी शाळेला गेलीच नव्हती. पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली होती, डोळे सुजलेले.

आक्कानं तिला काही समजावलं नाही. तिच्याशेजारी बसली, ओच्यातून वाळलेल्या गवताच्या चार काड्या काढल्या आणि जाळीतून आत धरल्या. मेजरच्या तोंडाजवळ नाही, हातभर लांब.

"जवळ धर ना आजी."

"न्हाय गं. भूक त्येची हाय. त्येनं यायचं."

आतमध्ये चहा उकळत होता. गल्लीतले माग खटखटत होते. आक्काचा हात हलला नाही. मला वाटतं पाच मिनिटं गेली असतील, किंवा दहा. मग मेजरचं नाक हललं. तो एक पाऊल पुढे आला. थांबला. आणखी एक. आणि एका काडीचं टोक त्याच्या तोंडात गेलं. ती काडी हळूहळू आत सरकत गेलेली मला अजून दिसते. चिनूनं आक्काच्या मांडीत तोंड खुपसलं.

"आता उठ. पानी बदल त्येचं," आक्का म्हणाली. चिनू भांडं घेऊन मागच्या नळावर पळाली. मग आक्का माझ्याकडे वळली. "मास्तर, ती मेथी हाय का शिल्लक?"

मी कपाटामागं ठेवलेली उरलेली अर्धी जुडी आणून दिली. तिनं एक काडी देठाला धरून उचलली. खिडकीकडे केली. पान उलटं केलं. हुंगलं. मग जिभेचं टोक पानाला लावलं आणि लगेच पदरानं पुसलं.

"तंबाकूचं पानी मारलंया. मावा पडल्याला असनार."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निपाणीकडे पिकावर माव्याची कीड पडली की तंबाखूचा चुरा भिजवून ते पाणी मारतात. त्याला कुणी औषध म्हणत नाही. बाळासाहेब खोटं बोलला नव्हता.

आक्कानं विचारलं, "ही माजी न्हवं. कुठली?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. आत कपांचा आवाज येत होता.

"माहेरची?" तिनं हळूच विचारलं.

मी मान हलवली. मग कसंबसं म्हणालो, "आक्का, मी आत्ता बाहेर जातो आणि सगळ्यांना सांगतो."

तिनं जुडी आपल्या ओच्यात घातली. "नगं. माहेरची भाजी वाईट निगाली म्हनलं की बाईमानसाचं तोंड उतरतंय. मी बी तिकडचीच लेक हाय. माजं काय, चार दिसात लोक इसरत्यात."

"पण तुमच्या पाटीला कुणी हात लावत नाही..."

"म्हनून तर सांगतीया. माझ्या पाटीचं मी बघीन. तू तुझ्या घरचं बघ. आनि भिंतीवर काय लिवलंय ते वाचत जा रं जरा. मास्तर हायस का कोन?"

वैशाली चहा घेऊन आली. आक्कानं बशीत ओतून प्याला आणि गेली. ती विषारी जुडी पदराआड घेऊन, आपल्या नावावर.

मी ठरवलं होतं, बुधवारी सांगायचं. गुरुवारी तर नक्कीच. शुक्रवारी बघितलं तर पाटी पुन्हा आठच्या आत निम्मी रिकामी होत होती. बायका पूर्वीसारख्याच गर्दी करत होत्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आक्का म्हणाली ते खरं, लोक विसरतात. मग आता कशाला उगाच जुनं उकरायचं? माणूस स्वतःला माफ करताना किती चटकन तत्त्वज्ञ होतो, हे मला त्या शुक्रवारी कळलं. तरी पुढची दोन वर्षं, पाटीपुढे उभा राहिलो की मी सुट्टे पैसे मोजत खालीच बघायचो. आक्कानं मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. मी शाळेत धडा बदलला. मुलांना पान आणायला सांगतो आणि म्हणतो, आधी पाठ बघा. कुणाकडून शिकलो ते सांगतो. का शिकलो ते सांगत नाही.

मग एके दिवशी पायरी रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशीही. कळलं की आक्काचे गुडघे गेलेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा आता बसमध्ये चढू देत नाही. मी आणि वैशाली रविवारी स्कूटरवरून कंग्राळीला गेलो. चिनूनं आमच्याबरोबर मेजरचा फोटो पाठवला होता. आता तो हातभर लांब, ऐटबाज, नावाला शोभेलसा झाला होता.

आक्का अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती. पुढ्यात सुपात मेथी. दिसत जवळजवळ नव्हतंच, पण हात चालू होता. देठाला धरून उचलायची, उजेडाकडे करायची, उलटी करायची. मग दिसत नाही हे आठवून अंगठा पानाच्या पाठीवरून फिरवायची, हुंगायची आणि डाव्या-उजव्या ढिगात टाकायची. वखारीतली ती मुलगी साठ वर्षांनी तशीच तिथं बसली होती.

"कोन? मास्तर व्हय? आनि संगं?"

"मी वैशाली, आक्का."

"ये बाई, ये. माझ्याजवळ बस." तिनं वैशालीचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मला म्हणाली, "लेंड्या कशा हायत्या?"

मी अंगणात उभा राहून, चिनूच्या वतीनं, सांगितलं, "गोल आहेत, कडक आहेत आणि पुष्कळ आहेत."

ती हसली. निघताना तिनं उजव्या ढिगातली मेथी बांधली, आणि देण्याआधी एक पान तोंडात टाकलं. दात नव्हते, हिरड्यांनी बराच वेळ चावत राहिली. आम्ही उभेच. मग मान हलवून जुडी पुढे केली. "घाल जा त्येला."

फाटकापाशी मी वळून पाहिलं. ती पुन्हा सुपाकडे वळली होती, एक पान उन्हात धरून. त्यानंतर मला आक्का दिसली नाही. पुढच्या थंडीत ती गेली.

त्या रविवारी परतताना स्कूटरवर जुडी वैशालीच्या मांडीवर होती. शेतं संपून वस्ती लागली. मग धीर केला. समोर बघत, कारण मागं बघून बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं. त्या वेळी मेजर आजारी पडला ना, ती मेथी आक्काची नव्हती."

"दादाची होती," मागून आवाज आला.

मी ब्रेक मारला. "तुला आक्कानं सांगितलं?"

"आक्का कशाला सांगेल? मी निपाणीत वाढलेय. तुम्ही कपाटामागं ती जुडी लपवलीत, त्याच संध्याकाळी मला तंबाखूचा वास आला. पण खात्री नव्हती. आक्कानं ती ओच्यात घालून नेलेली मी दारातून बघितली आणि खात्री झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पाटीपुढे उभं राहून सगळ्या बायकांना सांगितलं, की माझ्या भावानं आणलेल्या भाजीनं झालं ते. दादालाही फोन केला. दोन दिवस रुसला होता."

मी म्हणालो, "म्हणजे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं? दोन वर्षं?"

"चिनूलासुद्धा."

"मग मला का नाही बोललीस?"

वैशालीनं जुडी नीट मांडीवर घेतली, तिच्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. चला आता, पान वाळतंय."